शिंपीणबाईंचा प्रश्न

शिंपीणबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, ही गोष्ट अण्णांना अधूनमधून आठवायची, आणि आठवली की पुढ्यातला चहा गार व्हायचा. ते वाचनालयात ग्रंथपाल होते तेव्हाचं पत्र. मापं काढायच्या खाकी कागदावर, निळ्या खडूची रेघ चुकवत चुकवत लिहिलेलं. बाई समोरच्या शिवणकामाच्या दुकानात मशीन चालवायच्या. दुपारच्या सुट्टीत लेकराला घेऊन वाचनालयात येऊन बसायच्या. हातात गोष्टीचं पुस्तक आणि मांडीवर दूध पिणारं पोर. पेपर वाचायला येणारे पेन्शनर खाकरायचे, खुर्च्या सरकवायचे. अण्णांनी कुणाला काही न बोलता नकाशांच्या कपाटापलीकडे, खिडकीपाशी, हातांची एक खुर्ची नेऊन ठेवली. तेवढंच.

पत्रात त्या खुर्चीबद्दल आभार होते आणि खाली एक प्रश्न. 'पोरगं अडीच वर्षांचं झालं. दुकानातल्या बायका हसतात. अंगावरचं दूध कधी तोडावं, हे तुमच्या एवढ्या पुस्तकांत कुठंतरी लिहिलं असेल. सापडलं तर कळवा.'

अण्णांनी पुस्तकं काढली. एकात एक लिहिलेलं, दुसऱ्यात भलतंच. तिसऱ्या लेखकाला स्वतःलाच खात्री नव्हती; अण्णांना तोच सगळ्यांत भरवशाचा वाटला. पण पक्कं सापडल्याशिवाय वाचकाला काही सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. पुढे शिंपीणबाईंनी दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकलं. जाताना नवा पत्ता देऊन गेल्या. त्या पोराचं दूध सुटलं असेल, त्याला मिसरूड फुटलं असेल, तरी अण्णांचा शोध चालूच होता.

आता तोच प्रश्न त्यांच्या घरी येऊन बसला होता. नात एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. बोलण्यात ती भल्याभल्यांना ऐकायची नाही; पण संध्याकाळी आई चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली, की सगळा तोरा टाकून मांडीवर चढायची.

अण्णांची थोरली बहीण आक्का राहायला आली होती. तिला हे बघवेना.

"अगं सूनबाई, तुझी लेक पोळी खाते, भांडते, मला म्हातारे म्हणून हाक मारते. आणि वर दूध?"

"संध्याकाळी एकदाच पिते हो, आक्का."

"एकदा काय नि दहादा काय! काहीतरी कडूजहर लाव. एका फटक्यात विसरेल. मी तिघांचं असंच तोडलं."

सुनेनं अण्णांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, अण्णा. लावू? तिला फसवल्यासारखं वाटतं मला. पण सगळेच म्हणतात, तेव्हा माझंच चुकत असेल."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बघतो हं एकदा पुस्तकात."

"राहू द्या," सून हळूच म्हणाली. "उद्या लावते."

अण्णांच्या जिव्हारी लागलं ते. सुनेनं पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि आपण पुन्हा कपाटाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आक्कानं कडू पाला वाटून त्याचा रस एका वाटीत काढून ठेवला. संध्याकाळी शेजारचे वकील नेहमीप्रमाणे फुकटचा पेपर वाचत बसले होते. सून कामावरून आली, हातपाय धुऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच भिंगरी धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून बटणाशी झटापट करू लागली. वकिलांनी पेपर नाकापर्यंत वर घेतला.

"काय हे! एवढी घोडी झाली, अजून..." पेपराआडून आवाज आला. "निदान आत जाऊन तरी बसावं माणसानं."

सुनेचा चेहरा उतरला. तिनं पोरीला उचललं. आत गेली की वाटी होतीच.

"बस," अण्णा म्हणाले.

"बसलोच आहे की मी," वकील म्हणाले.

"तुम्हाला नाही. सूनबाई, तू." अण्णा आपल्या आरामखुर्चीतून उठले. त्या खुर्चीत घरातलं दुसरं कुणी सहसा बसत नसे. "इथं बस. खिडकीचा वारा लागतो, हाताला टेकू मिळतो. आत कशाला जायचं? घर तिचंही आहे, वकीलसाहेब."

सून बसली. वकिलांना एकदम काम आठवलं. ते गेले, जाताना पेपर मात्र विसरले नाहीत.

आता आक्का आपल्याला फाडून खाणार, म्हणून अण्णा मान खाली घालून उभे राहिले. आक्का हसत होती.

"बाळ्या, तुला तोंड आहे तर! पण तू दुसरं काय बोलणार म्हणा. चांगला चार वर्षांचा होईस्तोवर पीत होतास, उभ्या उभ्या."

"मी?"

"नाही, मी! बायका आईला म्हणायच्या, हा बोहल्यावरून उतरून प्यायला येईल."

सून खुदकन हसली. "मग सासूबाईंनी... म्हणजे अण्णांच्या आईंनी काय केलं?"

"लावलं की कडू. यानं सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि प्यायला! आई हसली हसली नि मग रडली. पुन्हा नाही लावलं."

"मग सुटलं कसं?" अण्णांनी विचारलं.

"चित्रांचं पुस्तक आणलं होतं ना तुला. आईनं जवळ बोलावलं, तर म्हणालास, थांब, एवढं पान होऊ दे. आई थांबली. एक पान झालं, दुसरं झालं. तू आलाच नाहीस. संपलं." आक्कानं डोळ्यांना बोट लावलं. "माझा धाकटा फार रडला होता रे. ते कडू लागलं तेव्हा." ती उठली आणि वाटी मोरीत उपडी करून आली.

आई थांबली. अण्णा ते दोन शब्द पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत राहिले. आईला कामं काय थोडी होती? तरी तिनं पान होऊ दिलं. जन्मभर आपण वाचत आलो ते त्या थांबण्याच्या जिवावर, आणि हे सांगायला तिच्यापाशी कधी गेलो नाही. आरामखुर्चीत भिंगरी पिता पिता पायाची बोटं हलवत होती. तिला कसलीच घाई नव्हती. तिच्या आईलाही आता नव्हती.

सकाळी अण्णांनी कागद घेतला.

'पुस्तकांत सापडलं नाही. घरात सापडलं. पोर आपणहून थांबतं, तोवर आपण थांबावं, एवढंच कळलं. तुम्हाला आता याचा उपयोग नाही, पण नातवंडाच्या वेळी कुणी हसलं तर सांगा, की एक ग्रंथपाल चार वर्षं पीत होता. दुसरं असं, की आभार तुम्ही मानलेत, ते खरं मी मानायला हवे होते. माझ्यासारख्या मुखदुर्बळाला इतक्या जवळचं काही कुणी विचारलं नव्हतं.'

हे फार तर नाही झालं, असं वाटून त्यांनी दोनदा पाकीट उघडलं, दोनदा चिकटवलं. मग भिंगरीला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पत्र तिनंच टाकायचं, असं ठरलं होतं.

"थांब," अण्णा म्हणाले, "पत्ता बरोबर आहे का ते एकदा..."

भिंगरीनं तोवर हात मोकळा केला होता.