सहाच्या खाली

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दुपारी मक्याची धूळ हवेतच थांबते. वर जात नाही, खालीही बसत नाही. पोत्यांच्या थप्पीला टेकून मोनाली त्या पिवळ्या उजेडात बघत होती आणि तिला आकडे तरंगताना दिसत होते. आठ, सात, सहा, चार, चार. पाच विषयांचे ग्रेड पॉइंट. बेरीज एकोणतीस, भागिले पाच, पाच पूर्णांक आठ.

एमएस्सीच्या फॉर्मवर अट होती: शेवटच्या सत्राची सरासरी किमान सहा. मुदत आज पाचपर्यंत.

तिचा बाप बन्सी इथं मापाडी. काटा सोडून तो जवळ आला.

"मोने, काय झालं?"

"माझं नाय जमत बाबा. सहाच्या खालीय."

त्यानं तिच्या हातातली मार्कशीट घेऊन उलटसुलट केली. "हे शेजारी चार, चार, चार, दोन, दोन काय?"

"क्रेडिट. मोठ्या विषयाला जास्त."

"म्हंजी वजन." तो तिच्याकडं बघत राहिला. "अन् तू चाराचं अन् दोनाचं सारखंच धरलं व्हय? चार क्विंटल कोरडा मका अन् दोन क्विंटल ओला, आपण ओल निम्मी-निम्मी धरतो का? अडत्या जोड्यानं मारंल मला."

मोनालीनं डोळे मिटले. केमिस्ट्री चार क्विंटलची होऊन हळूच काट्यावर बसली. तिच्यामागं फिजिक्स, मग गणित. इंग्रजी आणि पर्यावरणाची हलकी पोती कडेला लवंडली. बत्तीस, अठ्ठावीस, चोवीस, आठ, आठ. शंभर. भागिले सगळ्या क्रेडिटची बेरीज, सोळा.

"सव्वासहा," ती पुटपुटली.

तीन वर्षं कॉलेजात हजेरीसाठी कान पिळले. क्रेडिट कशाशी खातात, ते एकाही सरांनी फळ्यावर लिहिलं नाही. माहितीपुस्तिका सगळी इंग्रजीत. ज्यांच्या घरात सांगणारं कोणी असतं ती पोरं आत जातात, बाकीची स्वतःच स्वतःला नापास करतात. याला हे लोक गुणवत्ता म्हणतात.

तिनं मोबाइलवर सहा पूर्णांक पंचवीस भरलं. फॉर्म गेला. अडीच वाजले होते.

मग तिनं वर्गातल्या रूपाला फोन लावला. तिनं सरासरी बघून कालच फॉर्म सोडून दिला होता.

"रूपे, तुझं किती आलं होतं?"

"पाच पूर्णांक सहा. जाऊ दे ना. साडीच्या दुकानात लागले, पिशोरला. आज पहिलाच दिवस."

"भागायच्या आधी प्रत्येक पॉइंट त्याच्या क्रेडिटनं गुणायचा."

"असं कोणत्या सरांनी सांगितलं?"

"मापाड्यानं."

पलीकडून कुणी बाई मोरपंखी रंग मागत होती.

"मावशी, जरा थांबा," रूपा म्हणाली. "मोने, सांग. पेन घेतलाय."