गोळेबाबांची गंगा

क्षणभर डोळे मिटा बरं. केनवडचा आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. गावात नुकते कुठे चार-दोन कंदील आले होते, तेव्हाची ही गोष्ट. वांग्यांपुढे गिऱ्हाईक नाही, मिरच्यांपुढे नाही. सगळा गाव एका लिंबाखाली दाटला आहे, कारण तिथे लोकांची मनं गोठवली जात आहेत!

"आणा, आणा! घरात ज्या तेलावर दिवा जळते, थे तेल आणा!" गोळेबाबा गरजत होते. "तेल म्हंजे तुमचं मन. पातळ, चिकट, इकडून तिकडं वाहून राह्यलेलं! माही गंगा त्याले घट्ट करते. ज्याच्या घरात भूत, त्याचं तेल मात्र तसंच राह्यते!"

बाबा बरणीतली 'गंगा' वाटीत ओतत, काडीने घुसळत, वाटी गरम राखेवर झाकून ठेवत. दुसऱ्या दिवशी झाकण काढावं तर आत लोण्यासारखा पांढरा गोळा! लोक तो कपाळाला फासत.

"बाबा, लय चुरचुरून राह्यलं!"

"पाप जळून राह्यलं, बाप्पा!"

गुलाबराव पाटलांचं पाप अंमळ जास्त असावं. त्यांनी देवघरातल्या समईच्या तेलाचा गोळा मिशांनाही लावला आणि दिवसभर ते फू फू करत फिरले.

या गर्दीत दहा वर्षांची प्रयागा आईचा, आवडाबाईचा, पदर धरून उभी होती. आदल्या दिवशी ठेवलेल्या त्यांच्या वाटीवरचं झाकण निघालं आणि लोक नाकाला पदर लावून मागे सरले. तेल जसंच्या तसं पातळ! वर भपकन वास.

"पापाचा वास!" कोणीतरी किंचाळलं.

"पापाचा कायचा? घासलेटचा हाये थो," आवडाबाई म्हणाली. "आमच्या घरी कंदील जळते. पोरीच्या बापाले पहाटे भाजी घिऊन बाजारात जा लागते न. बाबानं दिव्याचं तेल सांगतलं, मंग देवापाशी लबाडी कायले करू?"

गोळेबाबा दिवसभर तपकीर ओढत, त्यामुळे त्यांच्या नाकाला जगातल्या कुठल्याच वासाचा पत्ता नसे. ते क्षणभर गांगरले. मग हातातला दंड आपटून म्हणाले, "गंगेपुढं घासलेट अन् करडीचं तेल सारखंच! भूत तुमच्या म्हशीत बसलं हाये. उद्या म्हैस माह्यापाशी आणून बांधा. नाहीतर गावच्या विहिरीवर पाय ठेवू नका!"

म्हैस! प्रयागाची मोती! जिच्या पाठीवर बसून ती केळी-वांग्यांच्या मळ्यात जायची ती मोती आता भुताचं घर?

घरी आवडाबाई चूल फुंकायला बसली. प्रयागा मात्र पाटलीणबाईंनी वानोळा म्हणून दिलेला गोळा घेऊन नाल्यावर गेली. वाटीतल्या घासलेटाने हात तेलकट झाले होते. गोळा हातात चोळला, पाण्यात बुडवला, आणि फसफसून फेसच फेस! तेलकटपणा गेला, घासलेटचा वासही गेला.

"इश्श! हा तं साबन हाये!"

मग तिला एकेक आठवू लागलं. बाबा काडीनेच का घुसळतात? त्यांच्या लोकरी घोंगडीला, जिथे जिथे गंगा उडते तिथे तिथे भोकं का?

ती तडक पाटलीणबाईंकडे गेली. "गिरजामामी, तुमच्या कंदिलातलं तेल द्या न वाटीभर. बाबापाशी ठेवतो." तिथून स्वतःच्या घरी येऊन तिने फोडणीचं करडीचं तेल घेतलं. दोन्ही वाट्या बाबांपुढे ठेवल्या. "ही पाटलाच्या दिव्याची, ही माह्या मायची. एकडाव आखीन पाहा, बाबा."

बाबांनी मोठ्या दिमाखात गंगा ओतली.

दुसऱ्या दिवशी झाकणं निघाली. आवडाबाईचा गोळा झकास बसला होता. पाटलांचं तेल तसंच पातळ.

"बाबा," प्रयागा मोठ्याने म्हणाली, "पाटलाच्या चारी म्हशी कवा आणून बांधायच्या?"

"काय?" पाटलांच्या सोलवटलेल्या मिशा थरथरल्या.

"पाटलाच्या कंदिलात घासलेट हाये, आमच्याबी कंदिलात घासलेट. घासलेट गोठत नाई, करडी गोठते. भुताचा काय संबंध? नाई पटत, तं बाबा, तुमच्या गंगेत बोट बुडवा बरं!"

"आज... आज एकादशी हाये," बाबा म्हणाले.

"एकादशी परवा झाली!" बाया एकसुरात ओरडल्या.

प्रयागाने गोळा तांब्यात खळबळून सगळ्यांपुढे फेस काढला. लोक आधी फेसाकडे, मग एकमेकांच्या लाल कपाळांकडे पाहू लागले, आणि जो हशा पिकला त्यात बाबा कुठल्या वाटेने पळाले हे कोणालाच कळलं नाही. घाईत बरणी तेवढी मागे राहिली. मोती आपल्या दावणीलाच राहिली.

आता यातली गंमत ऐका. करडी, तीळ, जवस अशा कुठल्याही तेलात तीन आम्लांनी एका ग्लिसरीनचा हात घट्ट धरलेला असतो. अशा जोडणीला रसायनशास्त्रात एस्टर म्हणतात. कॉस्टिक सोड्यासारखा कडक अल्क पाण्यात विरघळवून तेलात ओतला की ती पकड सुटते. ग्लिसरीन मोकळं होतं, आणि आम्लं सोड्याशी जमतात. तोच साबण! बाबांची 'गंगा' म्हणजे असलंच सोड्याचं पाणी. घासलेटात मुळी कोणी कोणाचा असा हात धरलेलाच नसतो, तर सोडा सोडवणार काय? आणि सोडा जास्त पडला की कपाळ भाजतं. त्यासाठी पाप असावं लागत नाही.

म्हणून बाळांनो, कोणी चमत्कार दाखवला तर खुशाल टाळ्या वाजवा, पण टाळ्या संपल्या की विचारा: हे दुसऱ्या वाटीत होतं का? दुसऱ्याच्या हातून होतं का? खऱ्या गोष्टीला असल्या प्रश्नांचा राग येत नाही.

प्रयागाने मात्र एवढ्यावर थांबायचं नाव घेतलं नाही. ती बरणी दोन काठ्यांच्या फासात अडकवून, हात न लावता, शाळेच्या दारात घेऊन गेली. आत मुलं पाढे म्हणत होती. तिने कमरेला खोचलेली वाटी काढून उंबऱ्यावर ठेवली आणि हाक मारली, "मास्तर, बाहीर या न! तूप आणलं हाये. याचं काय होते, थे पाहू!"