दोन इंची पाइप

“दोघांपुरतं तर आहे. दीड इंची पुरे की,” बायको दारात उभी राहून म्हणाली.

नळकाका मागच्या खोलीत गुडघ्याखाली गोणपाट घेऊन बसले होते. एका हातात दीड इंची पाइपचा तुकडा, दुसऱ्या हातात दोन इंची. नळकाका हे आळीनं ठेवलेलं नाव, आणि खऱ्या नावानं हाक मारली असती तर आता त्यांचं त्यांनाच कळलं नसतं. जन्मभर लोकांची सिंकं इकडची तिकडं केली, पण स्वतःच्या घरात कोणता पाइप घालावा हे काही सकाळपासून ठरत नव्हतं.

त्यांच्या घरात चूल वेगळी होणार होती. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं हो. सून नोकरीवरून दमून यायची, तिला सगळं झटपट उरकायचं असायचं. सासूला ओटा कसा लख्ख पुसलेला लागायचा. भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणत बरीच वर्षं निभावली. मग तो आवाज मुलाला सोसेना. एका सुट्टीच्या दिवशी तो खाली बघत म्हणाला, “बाबा, पुढचं स्वयंपाकघर आम्ही वापरतो. मागच्या खोलीत तुमचं छान करून घेऊ. घर एकच आहे, नुसती चूल वेगळी.” आणि जाता जाता म्हणाला, “बाहेरचा माणूस कशाला? तुमच्यासारखं कोण करणार?”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बापाचं कौतुकच करत होता बिचारा. पण आपलंच घर आपल्याच हातानं चिरायचं म्हणजे हात चालत नाही, हे त्याला कोण सांगणार? नळकाकांनी मान डोलावली आणि पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली.

“मशीनचं काय करायचं ते सांग आधी,” ते बायकोला म्हणाले. “नुसतं सिंक असेल तर दीड इंची. धुण्याचं मशीन इकडं यायचं असेल तर दोन इंचीला पर्याय नाही. मशीन पाणी सोडत नाही, फेकतं. पाइप बारीक असला की तेच पाणी सिंकमधून वर येतं.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

“काय झालं?”

“मशीन इकडंच घ्या,” ती म्हणाली. “जेवण वेगळं तर वेगळं. कपडे तरी एकत्र धुतले जाऊ देत. कपडे टाकायला म्हणून का होईना, रोज कुणीतरी मागं येईल. नात मोजे शोधत येईल. नाहीतर कुणाचं काय अडलंय इकडं?”

“सुनेला विचारलंस?”

“तुम्ही विचारा.”

“मी? बायकांच्या कपड्यांचं मी काय विचारू?”

झालं. संसारभर दोघांचं हेच चाललेलं. अवघड प्रश्न आला की ती त्यांच्याकडे ढकलायची, ते तिच्याकडे, आणि प्रश्न मधल्यामध्ये म्हातारा व्हायचा. विचारण्यापेक्षा करून टाकलेलं बरं, असं नळकाकांना वाटलं. पाइप एकदा बसला की नको कोण म्हणणार? हा त्यांचा हिशेब. गिऱ्हाइकाला त्यांनी असा हिशेब कधी करू दिला नव्हता. आधी घरात विचारून या, मग मला बोलवा, असं ते चारचौघांत ऐकवायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्यांनी दीड इंचीचा तुकडा पिशवीत टाकला. भिंतीला भोक पाडलं, बाहेरच्या चेंबरपर्यंत उतार धरला, सांधे घासून पुसून सोल्यूशन लावून पक्के केले. मशीनच्या नळीसाठी वेगळं तोंड काढलं आणि तूर्त त्याला टोपण घातलं. उठताना गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा बायकोनं हात दिला. तिचा हात ओला होता. तेवढ्यात तिनं कोपऱ्यात मशीन ठेवायची जागा पुसून घेतली होती.

संध्याकाळी सून आली. चप्पल काढून तशीच मागं आली आणि मनापासून म्हणाली, “बाबा, किती सुंदर झालंय. आई, आणि आता तुम्हाला आमच्या कपड्यांचा ताप नाही हं. नवीन मशीन सांगितलंय, पुढच्या बाल्कनीत बसेल. जुनं दुकानवाले घेऊन जातील.”

“नवीन कशाला?” सासूबाईंनी विचारलं.

“तुम्ही ताईंना फोनवर सांगत होता ना, सगळ्या घराचे कपडे वाळत घालून कंबर जाते म्हणून? मला फार वाईट वाटलं. आता तुमचे असतील ते माझ्याकडे देत जा. मी लावत जाईन.”

सासूबाईंनी लेकीला फोनवर ते म्हटलं होतं खरं. एकदा नाही, कैकदा, आणि मुद्दाम दार उघडं ठेवून. लेकी बोले सुने लागे. सुनेनं एखादा शब्द गोड बोलावा, आई तुम्ही किती करता म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. सुनेला लागलं, ते असं लागलं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

सून गेल्यावर सासूबाई उगाच मशीनच्या रिकाम्या जागेवरून पुन्हा फडकं फिरवत होत्या. नळकाकांना फार वाईट वाटलं, बायकोचं आणि स्वतःचंही.

“उद्या कापून दीड इंची टाकतो,” ते म्हणाले.

“असू दे की जाडच.”

“तसं चालत नाही गं. जाड पाइपात पाणी थोडं गेलं की खरकटं तळाशीच बसतं, वास मारतो. दोन माणसांच्या पाण्याला जोर नसतो.”

“मग?”

“मग रोज एक बादली एकदम ओतावी लागेल. आहे का ताकद?”

“ओतीन,” ती म्हणाली. “पण काढू नका.”

पुढं दोन चुलींची सवय झाली. नवं मशीन बाल्कनीत आलं, ते इतकं शहाणं की चालू असलेलंही कळत नसे. रोज संध्याकाळी मागच्या खोलीत म्हातारी बादली भरायची, कमरेला एक हात लावून उचलायची आणि सिंकमध्ये ओतायची. नळकाका उचलू लागले तर उचलू द्यायची नाही. पाणी धो धो करत भिंतीतून चेंबरकडे जायचं, आणि ते दोघं शेवटपर्यंत ऐकायचे.

एकदा पुढच्या स्वयंपाकघरातून मुलानं आवाज दिला, “आई, एवढं काय धुतेयस?”

“काही नाही रे,” ती म्हणाली.

तो येतोय का म्हणून तिनं जरा दाराकडे बघितलं. पुढं टीव्ही लागला. तिनं बादली परत नळाखाली धरली.