भुऱ्यानं नेलेली खेळणी

"मैं नै लिया, अक्का. सत्यमनंच लपवलाय."

"म्या न्हाई. ह्यानंच नेलाय. काल बी मागत होता."

अमानने सत्यमचा सदरा गच्च धरला होता आणि सत्यमने अमानचे केस. भांडण ज्याच्यावरून चाललं होतं तो पिवळा जेसीबी मात्र अंगणात कुठेच नव्हता. अमानची थोरली बहीण मनतशा आपली बाहुली पोटाशी धरून ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. आता बाहुलीवर पाळी येणार, अशी तिची खात्री झाली होती.

रुद्राणी भाकरी थापता थापता उठली आणि पिठाच्या हातांनी दोघांच्या मधे येऊन बसली. भांडण कुणी सुरू केलं, हे ती कधी विचारत नसे. एकेकाची बोटं सोडवली, दोघांच्या हातावर पिठाचा एकेक गोळा ठेवला आणि म्हणाली, "जेसीबी रुसलाय. तुमचं भांडण मिटलं की येईल. तवर मला एवढी भाकर थापून द्या."

रोज हे चालायचं. आज चाललं नाही. सत्यमने गोळा मातीत फेकला आणि तो तोंड फुगवून भिंतीकडे वळून बसला.

गेल्या काही दिवसांत खेळणी जात होती. आधी रबरी बदक गेलं. मग चाक निघालेली मोटार, मग मनतशाच्या बाहुलीचा बूट. दारातल्या भुऱ्या कुत्र्याची खोड रुद्राणीला ठाऊक होती. तो काही पळवायचा, पण अंगणातच टाकायचा. मुलांना तिने शिकवलं होतं, भुऱ्याच्या तोंडातलं ओढायचं नाही, तो आणखी घट्ट धरतो. भाकरीचा तुकडा दाखवायचा, की आपसूक सोडतो. पण आता भुऱ्याचं तोंड रिकामं, अंगण रिकामं, आणि पोरं एकमेकांकडे चोरासारखी बघू लागलेली.

सकाळीच अमान-मनतशाची आई कहकशां कामावर जाताना मुलांना रुद्राणीकडे सोडायला आली होती. ती दवाखान्यात नर्स. बोलायला हळू. चप्पल घालता घालता म्हणाली, "अक्का, राग मानू नका. माझी लेकरं घरी येऊन रडायलीत. सब चोर बोलते म्हणून. थोडे दिवस अम्मीकडं ठेवू का?"

"ठेव की," रुद्राणी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवरा मन्मथ क्लासच्या पोरापोरींना रिक्षातून नेण्या-आणण्यात दिवसभर बाहेर. ही तीन लेकरं आली की तिचं घर घर व्हायचं.

त्यात शेजारी मुलींचं होस्टेल उभं राहत होतं. लातूरच्या त्या भागात मोकळी जागा दिसली की होस्टेल उठायचं, मेस निघायची, क्लासची पाटी लागायची. शेजारच्या इमारतीचा स्लॅब भरताना यंत्र घरघरू लागलं की जमीन बारीक थरथरायची. रुद्राणी हातातलं टाकून तिन्ही लेकरांना अंगणाच्या मधोमध आणून बसवायची. मन्मथ समजावायचा, "अगं, मशीन हाय ती. स्लॅब बसवायलेत." तिला कळत होतं. पायांना कळत नव्हतं.

तिचं माहेर किल्लारीच्या अंगाला. त्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. दगडमातीच्या घरातून काकाने तिला खांद्याला धरून ओढून काढलं. आजी आणि धाकटा भाऊ निघाले ते उन्हं डोक्यावर आल्यावर. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये ती मोठी झाली. लग्न ठरताना तिने एकच विचारलं होतं, घराला पत्रे आहेत की स्लॅब? मन्मथच्या घराला पत्रे होते. भूकंपापासून ती कुठल्याही इमारतीचा जिना चढली नव्हती. नात्यातल्या लग्नातसुद्धा ती हॉलच्या दाराशी, चपलांच्या जवळ बसायची.

दुपारी मुलं चटईवर आडवी झाली. रुद्राणी मागे धुणं वाळत घालून आली, तर चटईवर अमान आणि मनतशाच होते.

"सत्यम कुठाय?"

मनतशाने डोळे चोळत कुंपणाकडे बोट केलं. "भुऱ्या हत्ती लेके गया. सत्यम उसके पीछे."

कुंपणाच्या तारेत कुत्रं जाईल एवढं भगदाड होतं. लहान मूलही जाईल एवढं. पलीकडे होस्टेल. मागच्या अंगाचा स्लॅब ओला म्हणून त्या दिवशी काम बंद होतं. रुद्राणीने दोघांना तिथल्या वॉचमनच्या बायकोपाशी बसवलं आणि इमारतीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारली. हाक वरपर्यंत फिरून परत आली. मग खूप वरून सत्यमचा आवाज आला. तो रडत नव्हता, चिडून ओरडत होता.

वॉचमन गावाला गेलेला. मन्मथ क्लासच्या फेरीवर. जिन्याला कठडा नव्हता.

तिने भिंतीला तळहात टेकवला. सिमेंट गार आणि ओलसर होतं. पहिल्या वळणापर्यंत ती उभी राहून चढली. दुसऱ्या वळणाला ती खाली बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी मागे सरकत वर गेली. पुढे लहान मुलासारखी हातापायांवर रांगली. लुगड्याचा काठ सळईत अडकून फाटला. भिंत हलल्यासारखी वाटली की ती डोळे मिटायची, आणि डोळे मिटले की जास्त हलायची. वर सत्यम पुन्हा ओरडला, "माझा हाय तो, सोड." ती पुढे सरकली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बदक होतं, मोटार होती, बाहुलीचा बूट होता, नीट ओळीने मांडलेले, आणि बाजूला पडलेला हत्ती. दप्तर होतं. बिस्किटाचा पुडा होता. आणि गच्चीच्या पार टोकाशी, जिथे कठड्याच्या जागी नुसत्या सळया उभ्या होत्या, तिथे सत्यम आणि त्याची बहीण साक्षी जेसीबी ओढत होते. भुऱ्या दोघांभोवती शेपूट हलवत नाचत होता. त्यालाही तो हवा होता.

साक्षी यावेळी क्लासला असायला हवी होती. तिच्यासाठीच तर तिची आई शांतम्मा धर्माबादकडचं गाव सोडून, शेत नवऱ्यावर टाकून, या पोरांना घेऊन लातूरला आली होती. पोरींच्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची. पहिल्या खेपेला साक्षीची डॉक्टरकी थोडक्यात हुकली होती. हे दुसरं वर्ष.

"सोड सत्यम, म्या सांगायलेय तुला," साक्षी म्हणत होती. एवढी मोठी मुलगी, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "भुऱ्यानं मला आणून दिलाय त्यो."

ओरडलं तर दोघं दचकतील. रुद्राणी टाकीला धरून खाली बसली आणि अंगणात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "भुऱ्या, ये."

पुड्यातलं बिस्किट तिने पुढे धरलं. भुऱ्या आला. त्याच्या मागे, आपलं बिस्किट जाईल म्हणून, सत्यम आला. तिने त्याला कमरेशी दाबून धरलं. साक्षी तिथेच उभी. हातात जेसीबी, पाठीमागे आभाळ.

"साक्षी," रुद्राणी म्हणाली, "मला उतरता येईना गं. पाय लटलट करायलेत. भूकंपापासून म्या जिना चढले न्हाई. वर कशी आले माझं मला ठाव. तू हात दिलास तरच खाली जाईन."

हे सगळं खरं होतं. साक्षीने तिच्याकडे नीट पाहिलं. फाटलेलं लुगडं, सोललेले गुडघे, कपाळावरचा घाम. मग ती टोकापासून चालत आली आणि तिने हात पुढे केला.

उतरताना सत्यम पुढे, मधे रुद्राणी, तिचा दंड धरून साक्षी. पायरी पायरीने साक्षी बोलत गेली, भिंतीकडे बघत.

"क्लासला जाऊन लई दिवस झाले, अक्का. बोर्डावर मार्क लावतेत. माझं नाव खाली खाली जायलंय. पुस्तक उघडलं की अक्षरं हलतेत. मग म्या इथं येऊन बसते. हे कुत्रं बिस्किटं खायला यायचं. एक दिवस यानं बदक आणलं अन् माझ्यापुढं ठेवलं." ती थांबली. "कुणीतरी मला काहीतरी दिलं, अन् मार्क विचारलं न्हाई."

रुद्राणीचं निम्मं लक्ष पायरीवर होतं.

खाली खेळणी मिळाल्यावर पोरांना आपण भांडलो होतो हेही आठवेना. अमानने जाहीर केलं, "चोर तो भुऱ्या निकला," आणि भुऱ्याला पकडून शिक्षा म्हणून तिघांनी त्याला फडक्याचा फेटा बांधला.

दिवेलागणीला शांतम्मा सत्यमला न्यायला आली. अंगाला फोडणीचा वास, कोपरापर्यंत पीठ. साक्षीला ओट्यावर बघून ती थबकली.

"क्लास सुटला का लवकर?"

"साक्षीला तुला सांगायचंय," रुद्राणी म्हणाली. "म्या हितंच बसते."

साक्षीने सांगितलं. मान वर न करता, पण सगळं. शांतम्मा ऐकत राहिली आणि मग तिचा हात उठला. रुद्राणी जागची हलली नाही, नुसती बघत राहिली. हात तसाच खाली आला.

"दुसऱ्यांच्या पोरी माझ्या हातचं खाऊन क्लासला जातेत," शांतम्मा म्हणाली. "अन् माझी पोर..." मग तिने त्या होस्टेलकडे पाहिलं. मजल्यांवरून तिची नजर वर वर गेली.

"अक्का, वर कठडा हाय का?"

"न्हाई."

शांतम्मा मटकन ओट्यावर बसली. तिने साक्षीचं मनगट धरलं, बाजाराच्या गर्दीत लहान पोरीचं धरतात तसं, आणि किती तरी वेळ सोडलं नाही. "तिकडं शेतात राबणाऱ्या तुझ्या नायनाला काय सांगू, ते मला कळंना," ती अखेरीस म्हणाली. "पण सांगते म्या."

दुसऱ्या दिवशी कहकशांने मुलांना नेहमीसारखं आणून सोडलं. रात्री अमानने घरी चोराची गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की अम्मीकडे ठेवायचा विषयच निघाला नाही. थोड्या वेळाने साक्षी सत्यमला घेऊन आली. दप्तर होतं, पण तिने ते उघडलं नाही. मनतशाने तिच्यापुढे पाठ करून बसत फणी दिली, तशी ती वेणी घालू लागली. पलीकडे अमान आणि सत्यम कशावरून तरी पुन्हा तावातावाने बोलू लागले होते. रुद्राणी दाराच्या उंबऱ्यावर ज्वारी निवडत होती. तिचे कान अजून जमिनीकडेच होते.

क्लासची वेळ झाली. रस्ता पाठीवर दप्तरं लावलेल्या पोरींनी भरून गेला. त्या गर्दीतून शांतम्मा मेसला निघाली होती. फाटकाशी ती थांबली. साक्षीला क्लासला हाक मारावी म्हणून कडीवर हात ठेवला. वेणी घालणाऱ्या साक्षीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. रुद्राणीने वर पाहिलं.

शांतम्माने कडीवरचा हात काढून घेतला, पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला आणि त्या पोरींच्या घोळक्यातून, त्यांच्याएवढीच घाई करत, चालू लागली.