रत्नम्मा गप्प झाल्या तेव्हा

मित्रांनो, निजाम गेला, जिल्हे फुटले, पण माणसाच्या रक्तावरचा माझा अंमल कायम राहिला. मी एक जुना, पाऱ्याचा, रक्तदाब मोजणारा यंत्रराज आहे. अर्थात कुणी रबरी फुगा दाबल्याशिवाय मला स्वतःला काहीच कळत नाही.

लातूरच्या एका लहानशा दवाखान्यात मी आलो, तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावात कचेऱ्या वाढत होत्या आणि विहिरी आटत होत्या. त्या उन्हाळ्यात उदगीरकडच्या रत्नम्मा आल्या. विहिरीच्या पायरीवरून घसरून पाय मोडलेला. घरातले पाणी आधी म्हशीला, मग पोरांना, उरले तर यांना. त्यामुळे अंग आतून कोरडे. भुलीचे डॉक्टर वीरण्णा यांनी कमरेत सुई दिली. कमरेखाली सगळे बधिर झाले. तोंड मात्र शाबूत.

"डॉक्टरसाब, तुमचं लगीन झालंय का? आमच्या भावकीत एक पोरगी हाय."

"यांना जरा झोपवा हो," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "मी खिळा ठोकू का सोयरीक जुळवू?"

झोपेची सुई दिली. शांतता झाली. कलेक्टर कचेरी कुठे व्हावी यावर गप्पा रंगल्या. माझा पट्टा रत्नम्मांच्या दंडाला होता, पण फुगा कुणी दाबेना.

मित्रांनो, कमरेच्या सुईने पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त तिथेच रेंगाळते. अंगात पाणी कमी असेल तर हृदयाकडे परतायला रक्त फारसे उरत नाही. झोपेच्या औषधाने श्वास आणि हृदयही मंदावतात. आणि "मळमळतंय, घेरी येतेय" असे सांगणारे तोंडच बंद होते.

तेवढ्यात दार किलकिले झाले. बाहेर बाकावर बसलेले त्यांचे मालक शंकरप्पा आत डोकावले.

"साब, आमची बोलंना झाली."

"झोपल्यात, मामा."

"झोपंत बी बोलती ती. लगीन झाल्यापासून कवा गप ऱ्हायली न्हाई."

वीरण्णांनी फुगा दाबला. पारा वर चढला आणि उतरतच राहिला. पार साठाखाली आल्यावर त्यांच्या कानातल्या नळीत ठोका लागला, तोही सावकाश.

"थांबा सगळे," ते हळूच म्हणाले.

सलाईन जोरात सोडली. ऑक्सिजन लावला. हृदयाला जागे करणारी सुई दिली. पुन्हा फुगा, पुन्हा फुगा. शंकरप्पा टोपी हातात धरून दारातच उभे. कितीतरी वेळाने पारा शंभरावर टिकला.

रत्नम्मांनी डोळे उघडले. "मालक, दार लावा. फुफाटा आत यायलाय."

शंकरप्पांनी दार लावले आणि बाहेर बाकावर बसून रडले.

आता स्वतःच फुगणारी, स्वतःच ओरडणारी यंत्रे आली आहेत. मी कपाटावर असतो. तक्रार नाही. एवढेच सांगतो, की झोपवलेल्या माणसाचा दाब आणि नाडी घडीघडी बघत जा. गप्प आहे म्हणजे बरा आहे, असे धरून चालू नका.

आणि माझ्यावर कुणीतरी चहाची किटली ठेवली आहे, तेवढी उचला. चटका बसतोय.