काढ्याचा काळा रंग

पेरूच्या पानांचा काढा तांबूस असतो. आकांक्षाच्या कपातला मात्र तळाशी शाईसारखा काळा झाला होता. दैवशालाने कप खिडकीशी धरला. लोहाची गोळी अर्धवट विरघळून पडली होती, तिथंच रंग सगळ्यात गडद होता.

"गोळी यात पडली?"

"हातातून सुटली, ताई. रोज काढ्यासंगंच घेते मी." आकांक्षा भिंतीला टेकली. सातवा महिना, आणि ओठ राखेसारखे.

"रोज?"

"गोळीनं तिला मळमळतंय," चुलीजवळून दैवशालाची आई दुर्गाबाई म्हणाल्या. "जांबाचा पाला पोट धरतो. लहानपणी तुझे ढाळ त्यानंच थांबले, इसरलीस का?"

ते खरं होतं, म्हणून लेकीला आणखीच राग आला. मंठ्याच्या शाळेत दैवशाला दरवर्षी हाच प्रयोग मुलांना दाखवायची. पानांतला तुरट अंश लोहाला धरून बसतो आणि पाणी काळं पडतं. मग ते लोह रक्तात जायचं कसं? तीन महिने गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन आठावरून साडेसातावर आलं होतं, आणि घरात सगळे आकांक्षालाच बोलत होते: गोळ्या फेकत असशील.

"आई, लोह अंगी लागायला पेरूच्या फळाची मदत होते. ते का देत न्हाईस?"

"पोटुशीला जांब? लेकरू खोकलत जन्माला यील."

दारात दैवशालाचा भाऊ भुजंग जालन्याच्या बाजारासाठी पेरूचे क्रेट गाडीत चढवत होता.

"बाजारातल्या पोटुश्यांनी खाल्लेले चालतात वाटतं," दैवशाला म्हणाली. भुजंग हसला, मग बायकोकडं, आकांक्षाकडं बघून पुन्हा क्रेट उचलू लागला.

डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, जालन्याला भरती करा, शिरेतून लोह देऊ. भुजंगला आधी पेरूची तोडणी उरकायची होती. दुर्गाबाईंना काढ्याचा गुण बघायचा होता. आणि सासरी गेलेल्या लेकीनं माहेरच्या सुनेच्या बाबतीत पडू नये, म्हणून दैवशालाही तोंड मिटून बसली होती. त्या गप्प बसण्याचा आज तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"तोडणी दोन दिसात संपून राह्यली, ताई," भुजंग म्हणाला. "मंग नेतो की."

तिनं कप मोरीत ओतला. क्रेटमधला एक पिकला पेरू धुऊन आकांक्षाच्या हातात ठेवला.

"भुजंग, क्रेट खाली उतरव. गाडीत आकांक्षा बसंल. तिला आजच भरती करायचं, आणि मी संगं येतेय."