ट्रायफीना मावशीचा श्वास

सेल्बीने इंजिन मंद केलं, डाव्या हाताने सुकाणू धरलं आणि उजव्या हाताने मायक्रोफोन तोंडाशी नेला. मग तो तसाच थांबला.

देवमासा सकाळच्या जागीच होता.

सकाळच्या फेरीला त्याने बोटीतल्या पर्यटकांना सांगितलं होतं की ही ट्रायफीना मावशी, आपल्या बायकोच्या माहेरची लांबची नातलग. बर्फाचे डोंगर वितळायला लागले की ती दरवर्षी इथे येते, पोटभर केपलिन मासळी खाते आणि जाताना बायकोला पावाची कृती विचारते. पाण्याखाली पीठ फुगत नाही, ही तिची जुनी तक्रार. तेवढ्यात मावशीने शेपटी उचलून पाण्यावर आपटली होती. "बघा, हात हलवतेय," सेल्बी म्हणाला होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता दुपारची फेरी होती. माणसं नवी, मावशी तीच. शेपटी पुन्हा वर आली, पुन्हा आपटली. टाळ्याही पुन्हा झाल्या. सेल्बी डोळे बारीक करून बघत होता. पोट भरलेला देवमासा शेपटी वर करतो तो बुडी मारायला. ही बुडत नव्हती. फवारा येत होता तोही तोकडा, धापा टाकल्यासारखा. श्वासाच्या छिद्रामागून, पाठीवरून, एक हिरवी दोरी ताणून बसली होती, आणि शेपटीच्या पलीकडे जाळ्याला बांधलेला एक नारिंगी बोया पाण्यातून वर यायचा, पुन्हा ओढला जायचा. बोयावर दोन निळे पट्टे होते. ते पट्टे कुणाचे हे सेल्बीला लांबूनही कळलं.

"मंडळी," तो म्हणाला, "ही जाळ्यात अडकलीय."

हशा पिकला. लोकांचा तरी काय दोष? बंदरातून इथवर येईपर्यंत त्याने त्यांना सांगितलं होतं की एका बर्फाच्या डोंगरात त्याला आजोबांची शेगडी सापडली आणि तिच्यात विस्तव होता.

"जाळं नाही, स्वेटर असेल," एक दाढीवाला म्हणाला. "मावशीने स्वतःच विणला असेल."

"बाह्यांना जरा चुकलाय," पिवळा रेनकोट घातलेली बाई म्हणाली. पुन्हा हशा.

सेल्बीच्या हातात खरं तर दोन मायक्रोफोन होते. एक बोटीवरच्या लोकांसाठी, एक रेडिओचा. दोन्ही त्याने चिकटपट्टीने एकत्र बांधले होते, म्हणजे एकाच अंगठ्याने दोन्ही बटणं दाबता येत आणि त्याची एकही थाप वाया जात नसे. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात खिडकीशी बोटींचा रेडिओ असायचाच. घरचं माणूस समुद्रावर असताना तो बंद करायचा नाही, ही रीत. आता समुद्रावर जाणारी माणसं थोडी उरली होती, पण रेडिओ चालूच होते. पाव भाजताना सेल्बीच्या थापा ऐकायच्या, ही सगळ्यांची सवय होऊन बसली होती.

"बर्निस," त्याने हाक मारली. "अगं बर्निस, सेंट जॉन्सला फोन लाव. देवमासे सोडवणारी ती दोघं आहेत ना, त्यांना बोलाव."

बर्निस धक्क्यावरच्या खोलीत बसून तिकिटं विकायची. तिला हसू आवरेना.

"का हो काका? मागच्या आठवड्यात तर मावशीची दाढ दुखत होती."

"थट्टा नाही करत. ती अडकलीय."

"मे महिन्यात पण अडकली होती. चर्चच्या घंटेच्या दोरात. कुणीतरी ते खरं मानून फोन केला आणि ती बिचारी दोघं तीन तास गाडी हाकत आली. आठवतंय? घंटेखाली उभं राहून वर बघत होती. मी हसले, ती नाही हसली. आता माझ्या आवाजावर ती फोन ठेवतील."

मध्येच लिअँडरचा आवाज घुसला. लिअँडर खाडीच्या पलीकडच्या अंगाला होता. जाळीही टाकायचा आणि उन्हाळ्यात चार पर्यटकही फिरवायचा.

"सेल्बी, मावशीला म्हणावं, तुझी जीभ उसनी घे. तिला एवढी धार आहे, दोरी आपोआप तुटेल."

जाळं कुणाचं ते सांगायला सेल्बीने तोंड उघडलं. सगळं गाव ऐकत होतं. लिअँडरची बायकोही ऐकत असणार. त्याने तोंड मिटलं, बटणावरचा अंगठा काढला आणि बांधलेली ती जोडी खुंटीला अडकवली.

मग तो केबिनच्या बाहेर आला. टोपी काढून त्याने कठड्यावर ठेवली आणि देवमाशाकडे बघत उभा राहिला.

दाढीवाला पुढच्या विनोदाची वाट बघत होता. तो आला नाही. शेपटी वर आली, आपटली. या वेळी टाळ्या दोघा-चौघांनीच वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. पिवळ्या रेनकोटवाल्या बाईने सेल्बीच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या नजरेच्या रोखाने पाण्याकडे. तिने शेजारणीच्या दंडाला धरलं. बोया वर आला तेव्हा बोटीवर कुणी बोलत नव्हतं.

"सेल्बी काका?" रेडिओ म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "काका, काहीतरी बोला ना."

सेल्बी आत गेला नाही. त्यात काही डाव होता का, हे गावात आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आधी भूशिराला वळसा घालून एक बोट आली, मग तिच्यामागे दोन. लिअँडर सगळ्यात पुढे. त्याने आपले चार पर्यटक धक्क्यावर अक्षरशः टाकून दिले होते. त्याच्या पायाशी घोंगडी होती आणि चर्चच्या सभागृहातली, बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्याने चालू करणारी लाल पेटी. याआधी सेल्बी रेडिओवर गप्प झाला होता तो एकदाच, त्याचा भाऊ गार्लंड बोटीसकट गेला त्या दिवशी.

"मेला नाहीस?" लिअँडर ओरडला.

"नाही."

"मग बोलत का नाहीस, गाढवा? तिकडे बायका रडायला लागल्यात."

सेल्बीने बोट दाखवलं.

लिअँडरने पाहिलं. दोन निळे पट्टे वर आले, क्षणभर डुलले, खाली गेले. लिअँडरने हातातली घोंगडी उगाचच घडी घालून नीट ठेवली.

"कधीपासून?"

"सकाळपासून तरी."

"सकाळी तू रेडिओवर म्हणालास, हात हलवतेय."

सेल्बीने कठड्यावरची टोपी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

लिअँडरने कमरेची सुरी काढली, तसा सेल्बी म्हणाला, "नको. अर्धवट कापलंस तर ती उरलेली दोरी अंगावर घेऊन निघून जाईल आणि बाहेर कुठेतरी मरेल. ते काम त्या दोघांचं."

लिअँडर सुरीकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या रेडिओचा मायक्रोफोन उचलला.

"बर्निस, सेंट जॉन्सला फोन लाव. लिअँडर बोलतोय म्हणून सांग." तो थांबला. "आणि सांग, जाळं माझं आहे."

पर्यटकांना धक्क्यावर न्यायला लिअँडरच्या बोटीत घेतलं. एकेक माणूस हात धरून पलीकडे उतरताना कुणी गडबड केली नाही, मृताच्या घरातून निघताना करत नाहीत तशी. पिवळ्या रेनकोटवाली बाई शेवटी राहिली.

"काका," तिने विचारलं, "तिचं नाव खरंच ट्रायफीना आहे का?"

सेल्बीने जरा विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "तिला नाव नाही. मी तिला आजच पहिल्यांदा पाहिली."

बाकीच्या बोटी दूर सरून थांबल्या. सेल्बीने इंजिन बंद केलं. धुकं पाण्यावरून हळूहळू आत येत होतं. तीन तासांचा रस्ता, आणि ती दोघं निघाली असतील तर आत्ता कुठे निघाली असतील. फवारे आता अंतरा-अंतराने येत होते.

"सेल्बी काका," बर्निसचा आवाज खाली आला होता. "घराघरांतून विचारताहेत हो. काय सांगू?"

तो आत गेला. खुंटीवरची जोडी काढून त्याने नखाने चिकटपट्टी सोलली. लोकांचा मायक्रोफोन बाजूला ठेवला. रेडिओचा हातात घेतला आणि दारात येऊन उभा राहिला, वायर पुरेल तिथपर्यंत.

"घेतला तिने श्वास," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही.

"अजून एक."

पलीकडे गावात, पिठात रुतलेले हात तसेच थांबले होते. पुढच्या फवाऱ्याची वाट बघत सेल्बीने बटणावरचा अंगठा काढला नाही. बराच वेळ त्या सगळ्या स्वयंपाकघरांत बोटीच्या अंगाला लागणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला.